भिंगरीचा श्वास

४ फेब्रुवारी
माझ्या लेकीच्या, भिंगरीच्या दोन्ही पायांवर लालजांभळे ठिपके! गुडघे सुजलेत, पोटात कळा. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यावर काच दाबून पाहिली – डाग पुसला जाईना. म्हणाल्या, "बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलीय. लहान मुलांना होतं. बहुतेक आपोआप बरं होतं."
बहुतेक! तेवढा एकच शब्द घेऊन घरी आले.

९ फेब्रुवारी
ठिपके फिकटले. आज माझ्या सायकलच्या दुकानात बसून एकेक घंटी वाजवून बघत होती. गिऱ्हाइकं वैतागली. मी नाही.

११ फेब्रुवारी
खोकली. रुमालावर रक्त. जिना उतरेपर्यंत धाप, ओठ निळसर. हे डेपोत बस लावून गणवेशातच धावत आले.

१२ फेब्रुवारी
अतिदक्षता विभाग. डॉक्टरीणबाईंनी छातीचा एक्स-रे फोटो दाखवला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, हवा असते ना तिथे. भिंगरीची पांढरीफटक. दूध सांडल्यासारखी.
नळीने आत थोडं पाणी सोडून परत ओढलं. दर खेपेला आधीपेक्षा लाल. "सूज फुप्फुसातल्या वाहिन्यांपर्यंत पोचलीय. आत रक्त झिरपतंय. या आजारात फार क्वचित होतं."
"तुम्ही पाहिलंय आधी?" ह्यांनी विचारलं.
"वाचलंय. बघतेय पहिल्यांदाच."
खोटा धीर दिला नाही. का कोण जाणे, तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

१३ फेब्रुवारी
झोपेचं औषध देऊन ठेवलंय. श्वास यंत्र घेतंय. शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस चालू.
मी विचारलं, रक्त नेमकं कुठे साठतं? बाईंनी कागदावर काढून दाखवलं – मोहरीहून बारीक हवेचे फुगे, कोट्यवधी! त्यांची कातडी उलगडून अंथरली तर आमच्या दोन्ही खोल्या झाकल्या जातील म्हणे. फुग्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, मधे पडदा इतका पातळ की डोळ्यांना दिसायचा नाही. आणि जन्मल्यापासून तो टिकला! पळताना, रडताना, माझ्यावर ओरडताना.
मी जन्मभर ट्यूबमध्ये हवा भरली. हवेकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

१४ फेब्रुवारी
काही फरक नाही. ह्यांनी तिची नखं कापली.

१६ फेब्रुवारी
फोटोत कडेकडेने काळं दिसतंय! ओढलेलं पाणीही फिकं आलं. बाई स्वतः धावत सांगायला आल्या. आम्ही तिघं त्या काळ्या डागाकडे खुळ्यासारखे बघत उभे.

१९ फेब्रुवारी
श्वासाची नळी काढली.
काढल्यावर क्षणभर काहीच नाही. मग छाती वर आली. आपली आपण! कुणी न सांगता, कुणी न शिकवता. खाली गेली, परत आली. एवढी मोठी गोष्ट घरात रोज चालली होती आणि मी भाजी निवडत बसायचे.
घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारावं – "दुकानात कोण आहे?"
"बंद आहे गं."
"मग लोकांच्या चाकात हवा कोण भरतंय?"
हे हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

२ मार्च
घरी! गोळ्यांनी गाल टम्म फुगलेत. आरशात बघून म्हणते, "ही कोण जाडी?" मूत्रपिंडांवर परिणाम नाही ना, हे पाहायला लघवी अधूनमधून तपासायची. पण जिना चढली. मधे एकदाच थांबली. मी मागून श्वास ऐकत.

५ मार्च
आई भेटायला आली. सगळं पहिल्यापासून सांग म्हणाली. ठिपके, खोकला, रक्त, शिरेतून दिलेलं औषध – सांगितलं. ऐकता ऐकता हातातला चहा गार झाला. मग हळूच म्हणाली, "हे औषध तेव्हाही होतं का गं?"
"तेव्हा म्हणजे कधी?"
"तुझ्या आधीची माझी लेक गेली तेव्हा."
मला आजवर सगळे घरातली थोरली म्हणत आले.