उन्हात उभी केलेली मुलं

बाबा,

१८४७च्या दुष्काळात चोक्टॉ आदिवासींनी अमेरिकेतून आयर्लंडला मदत धाडली होती, म्हणून इथे कॉर्कमध्ये त्यांना फार मान. मी त्यांची भाषा शिकतेय. शिकवणारी कायली स्वतः चोक्टॉ, पण तीही मोठेपणीच शिकली. काल म्हणाली, "घरची भाषा बोलली की आजीला शाळेत शिक्षा व्हायची. म्हणून तिने आम्हाला शिकवलीच नाही."

"कसले मास्तर असतील!" मी म्हणाले, आणि एकदम तुमचा वर्ग आठवला. गोंडी बोलणाऱ्या पोरांना तुम्हीच उन्हात उभं करायचात ना? आपण स्वतः गोंड असून! आपली आजी, तुमची आई, शाळेत तुमचा डबा घेऊन आली की तिच्याशीही मराठीच बोलायचात. ती नुसती हसून मान डोलवायची.

बाबा, तिला मराठी येत नव्हती!

तुमचीच,
प्रणोती