एकतीस चष्मे आणि शून्य अनुभव

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (या खोलीत चार मुली, चार खाटा आणि एक कपाट आहे. साष्टांग घालायला जागा नाही, तेव्हा त्यातलं शिर तेवढं पोचलं असं समजावं.)

मी बारा वर्षांची असताना तुम्ही एकदा आईला म्हणाला होतात, "अनुभव बाजारात मिळत नाही, नाहीतर तू पोरीसाठी डझनभर आणून ठेवला असतास." सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. आज आठ वर्षांनी त्या वाक्यात हसण्यासारखं काय होतं ते मी शोधते आहे. असो. तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाब? मामी अजून मिठाची बरणी लपवून ठेवते का, आणि तुम्हाला ती अजून पाच मिनिटांत सापडते का? तुम्ही कारखान्याच्या भरती खात्यात तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून माणसं पारखलीत. सध्या मी टेबलाच्या अलीकडे आहे. इकडून टेबल फार रुंद दिसतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

माझे वर्ग पुढच्या आठवड्यात संपतात, परीक्षा तेवढी उरते. बाबांनी कळवलं आहे की एक तारखेपर्यंत इथे काही जमलं तर ठीक, नाहीतर मी सामान घेऊन घरी यायचं आणि त्यांच्या वजनकाट्याच्या कचेरीत बसायचं. ट्रक आत आला की वजन लिहायचं, बाहेर गेला की वजन लिहायचं. त्यांच्या शेजारची खुर्ची त्यांनी पुसून ठेवली आहे, पाठीला उशीसुद्धा शिवून घेतली आहे. बाबा ओरडले असते तर मी भांडले असते. उशीशी कसं भांडायचं? मला त्या खुर्चीची भीती वाटते मामा, कारण ती आरामशीर असणार, आणि त्यातून उठायचं कारण मला पन्नासाव्या वर्षापर्यंत सापडणार नाही.

म्हणून नोकरी शोधायला निघाले. आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना नोकरीचं मार्गदर्शन करणारे एक सर आहेत. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाकडे अनुभव असतोच, तो फक्त मांडता आला पाहिजे. त्यांनी माझा अर्ज मांडून दिला. चार मुलींत एक न्हाणीघर, याचं झालं 'वेळेचे काटेकोर नियोजन'. घरमालकीणबाईंशी पंख्यावरून झालेल्या भांडणाचं झालं 'वाटाघाटींचे कौशल्य'. अर्ज वाचून मलाच माझा आदर वाटायला लागला. (सरांची स्वतःची ही पहिलीच नोकरी आहे, असं नंतर शिपायाकडून कळलं. त्यांना ती कोणत्या अनुभवावर मिळाली ते विचारायचा धीर झाला नाही.)

पहिली जाहिरात होती: नवोदितांना संधी, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. मी फोन करून नम्रपणे विचारलं की नवोदित दोन वर्षांचा अनुभव कुठून आणतो. पलीकडच्या बाईंनी तितक्याच नम्रपणे सांगितलं की आधीच्या नोकरीतून. दुसऱ्या ठिकाणी छापील अर्ज होता, त्यात 'मागील नोकरी सोडण्याचे कारण' असा रकाना होता आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नव्हता. मी लिहिलं, 'अजून धरलेली नाही.' तिथून काही कळलं नाही. तिसरे दाताचे डॉक्टर. त्यांना पेशंटना बसवून घेणारी मुलगी हवी होती. त्यांनी विचारलं, कळवळणारी माणसं सांभाळली आहेत का. मी म्हटलं, माझ्या खोलीत तिघी जणी आहेत आणि तिघींच्या परीक्षा आहेत. डॉक्टर हसले नाहीत. इतके पांढरे दात असून माणूस हसत नाही म्हणजे कमाल आहे.

चौथ्या दुकानाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. चष्म्याचं दुकान, काउंटरवर माणूस पाहिजे. मी बरोबर अकराला पोचले. चष्मेवाले कुठेतरी निघाले होते, मला बसायला सांगून गेले. आतल्या खोलीत काचा घासणारे एक म्हातारे कारागीर होते, पण त्यांचं यंत्र चालू असलं की त्यांना जगातलं काही ऐकू येत नाही, आणि ते कायम चालू असतं. मी बसले. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. समोर एक उघडं कपाट, त्यात छोट्या छोट्या तबकांत दुरुस्तीला आलेले चष्मे. तबकं तिरकी, चष्म्यांवर धूळ, आणि प्रत्येक चष्म्याखाली एक चुरगळलेली चिठ्ठी.

आता तुम्हाला माझं आजोळचं रक्त माहीत आहे. आई लोकांच्या दारातली पायपुसणी सरळ करून मगच घंटी वाजवते. तुम्ही दुसऱ्यांच्या घरी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करता, आणि एकदा लग्नाची बोलणी करायला गेला असताना तुम्ही यजमानांचा चष्मा त्यांच्या नाकावरच सरळ केला होता. मी काही वेगळी निपजणार नव्हते. मी एकतीस चष्मे बाहेर काढले, पुसले, रंगाप्रमाणे लावले. तबकं पुसली. चिठ्ठ्या बोटांनी सपाट केल्या, तारखेप्रमाणे लावल्या आणि एका चिमट्यात अडकवल्या. इतकं सुंदर दिसत होतं कपाट. दीड तासात त्या दुकानाला पहिल्यांदा माणसाचा हात लागला असं वाटलं.

चष्मेवाले परत आले, कपाटाकडे बघून खाली बसले. चिठ्ठीवर तारीख, गिऱ्हाईकाचं नाव आणि काय मोडलं ते एवढंच लिहिलेलं असतं. चष्मा कोणता ते लिहिलेलं नसतं, कारण चिठ्ठी चष्म्याखाली असते. नोंदवही नाही, फोन नंबर नाही. वीस चिठ्ठ्यांवर नावापुढे नुसतं 'स्क्रू' लिहिलेलं. ज्या दुकानाचा सगळा कारभार चिठ्ठी न हलण्यावर उभा आहे, त्या दुकानाने माझ्याकडे अनुभव मागावा! तिथे खरी चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

पुढचे चार दिवस मी तिथे होते. चष्मा दुरुस्तीला दिलेल्या माणसाला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे आपला चष्मा कोणता हे त्याला ओळखता येत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात पहिल्या तासातच आली. एक आजोबा सहा चष्मे लावून बघून सातव्यावर खूश झाले. "हाच. इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाई तो फुलांच्या नक्षीचा चष्मा परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "सासऱ्यांनी काल पहिल्यांदाच मला नीट पाहिलं आणि विचारलं, तू कोण." मग मी माणसांपेक्षा चष्मे वाचायला लागले. एका दांडीचं टोक चावलेलं होतं, तो वह्या तपासणाऱ्या बाईंचा. एकाच्या दोन्ही कानांजवळ केसांचा काळा रंग लागला होता. तो ज्यांचा होता त्यांना मी सगळ्यांसमोर कारण सांगितलं नाही. (हे कौशल्य सरांच्या यादीत नव्हतं.) एक डावीकडे वाकलेला होता, म्हणजे कोणीतरी तो लावूनच डाव्या कुशीवर झोपत होतं. आल्या माणसाच्या गालावर उशीचा वळ शोधून मी तो दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी एकतीस चष्मे एकतीस नाकांवर गेले होते आणि प्रत्येक नाकाला मी नावाने ओळखत होते.

मग चष्मेवाल्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "मुलगी चुणचुणीत आहेस. पण मला अनुभवी माणूस हवंय."

यंत्र नेमकं बंद होतं. आतून कारागीर म्हणाले, "अहो, मग चार दिवस ती काय करत होती?"

"चूक निस्तरत होती," चष्मेवाले म्हणाले. "त्याला काम म्हणत नाहीत."

मी उठले, नमस्कार केला, बाहेर आले. जागा त्यांनी आपल्या मेहुण्याला दिली. मेहुणे दोन वर्षं चपलांच्या दुकानात होते. अनुभव म्हणजे अनुभव, पायाचा काय आणि नाकाचा काय. मामा, त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही, पालखी पाठवली तरी. असल्या लोकांकडे नोकरी करण्यापेक्षा ट्रक मोजलेले बरे. मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक घ्या.

तुमची भाची

ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात काल कारागीर स्वतः जिने चढून खोलीवर आले. (यंत्र नसलं की ते फार हळू आवाजात बोलतात.) मेहुण्यांना तीन दिवस पुरे झाले. गिऱ्हाइकं येऊन 'ती मुलगी कुठे' म्हणून विचारतात. चष्मेवाले मला घ्यायला तयार आहेत, पण त्यांना कोणा जबाबदार माणसाचं पत्र हवं. आईवडील चालणार नाहीत, लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी. शनिवारपर्यंत. एक तारीख रविवारी आहे. मी हो म्हटलं. पालखी पाठवली नव्हती, तरी हो म्हटलं.

ता. क. २. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. चष्मेवाले जाताना मला दोन गोष्टी सांगून गेले होते. एक, बस. दुसरी, कशाला हात लावू नकोस. त्या चार दिवसांत मला झोप नव्हती. एक आजी चष्म्यावाचून दोन दिवस घरात भिंत धरून चालत होत्या, हे त्यांच्या नातवाने सहज सांगितलं. त्यांचा चष्मा त्या रात्री मी त्यांच्या घरी नेऊन दिला, तेव्हा त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहून घेतला. आपल्या घरी हे कोणालाच माहीत नाही.

ता. क. ३. तुम्ही नातेवाइकांसाठी कधीच सही केली नाही, सख्ख्या मेहुण्यासाठी म्हणजे बाबांसाठीही नाही, हे बाबा अजून अभिमानाने सांगतात (आणि थोडं दुसऱ्या सुरातही). तीस वर्षांचा नेम माझ्यासाठी मोडावा असं माझ्यात काही नाही. तुम्ही नाही म्हणाल, आणि मला राग येणार नाही असं मी ठरवून ठेवलं आहे. तरी सोबत कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट ठेवते आहे. शिफारस नको, स्तुती नको. एवढंच लिहा की या मुलीला हात लावू नको म्हटलं तरी ती लावते, आणि बिघडलं की निस्तरल्याशिवाय घरी जात नाही. दोन्ही खरं आहे, तुम्हाला काही वाढवून लिहावं लागणार नाही. खाली सही करा, मामा.