मैनाच्या डोळ्याखालचा भोवरा

शुक्रवार, संध्याकाळ

मैनाला आज पिशोरजवळच्या घोड्यांच्या फार्मवर सोडून आले. गाभण राहीपर्यंत घोडी तिथंच राहील. धास्ती होती ती तिच्या डाव्या डोळ्याखालच्या केसांच्या भोवऱ्याची. असा भोवरा घरात रडं आणतो म्हणतात. हे गेले तेव्हा दिरांनी तिलाच बोल लावला होता. फार्मवाल्या सलीमचाचांनीही परत धाडलं असतं तर?

त्यांनी भोवऱ्यावर हलकेच अंगठा फिरवला. म्हणाले, "ताई, माझ्या घोड्याच्या आईलाबी इथंच भोवरा होता. लई नखऱ्याची! चला, घ्या हिला आत."

नवख्या तबेल्यात मैना मान ताठ करून शिरली. केवढी ऐट! एकदाही मागं वळली नाही. भोवऱ्यापाशी टिपूसभर पाणी नव्हतं. गाडीत बसून रडले ती मीच, आणि तेही तिच्या कौतुकानं.