टाकीवरची बोटं

१४ सप्टेंबर २००३, संध्याकाळ

डोकं तापलंय. ज्या डेथ मेटल बँडच्या नव्या अल्बमची आम्ही वर्षभर वाट पाहिली, तो आज समीरच्या घरी ऐकला. हात भन्नाट पळतात, मान्य. पण गुणगुणायला एक ओळ नाही. नुसती सर्कस. फसवलं त्यांनी.

समीर मात्र खूश. आमच्या बँडचा ड्रमर तो, त्याला वेगच दिसणार. म्हणाला, "आता आपणपण असंच वाजवायचं. तू बांधलेलं ते संथ गाणं आपल्या यादीतून काढून टाकू. कोणीही वाजवेल ते."

कोणीही? मग इतके दिवस आपण काय करत होतो?

मी त्याच्या बाइकवर मागे बसलो. आमची जुनी सवय आहे. नवा अल्बम ऐकून निघालो की द्वारका चौकातल्या सिग्नलला समीरची बोटं पेट्रोलच्या टाकीवर आपोआप वाजायला लागतात. जे वाजेल ते गाणं पास.

आज रस्ताभर समीरचं त्या अल्बमचं कौतुक चाललं होतं. सिग्नल लागला. बोटं टाकीवर आली आणि वाजलं माझं संथ गाणं. अख्खं कडवं, शेवटच्या ठोक्यापर्यंत.

त्याला कळलंही नाही. सिग्नल सुटल्यावर म्हणतो, "मग काढायचं ना ते?"

त्याला ते खरंच आवडत नसतं, तर मी ते गाणं सोडून दिलं असतं. आता नाही.