जळक्या रबराचा वास

सेफ्टीच्या अंजली मॅडमना,
ज्योतीरामचा नमस्कार.

आज कँटीनमध्ये तुम्ही फिट कशी ओळखायची ते शिकवलंत. माणूस पडतोच असं नाही, म्हणालात. कुणी टक लावून बसतं, रिकामं तोंड चघळतं, शर्टाच्या बटणाशी चाळा करतं, हाकेला ओ देत नाही. "कोण करून दाखवतं?" म्हणालात आणि मीच उठलो. सगळे हसले. तुम्हीही म्हणालात, "ज्योतीराम, अगदी हुबेहूब!"

हुबेहूब येणारच, मॅडम. मोशीला घरी माझी बायको वर्षाली मला तेच करून दाखवते. "जेवता जेवता असं काय करता हो?" मी तिच्यावरच खेकसतो.

फिट येण्याआधी काहींना नसलेला वास येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. जेवणानंतर फोर्कलिफ्टवर बसलो आणि रबर जळाल्याचा वास आला. पुढे कुसुमताई पाठमोऱ्या खोकी मोजत होत्या. "ताई, काही जळतंय का?" त्या हुंगून म्हणाल्या, "न्हाई बा." मी गाडी बंद करून उतरलो. पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला होता. "पित्त झालंय," मी म्हणालो. त्यांनी धावत लिंबूपाणी आणलं. ते मी प्यायलो, त्याची लाज वाटते.

फिट म्हटलं की गाडी हातची जाणार, हे कळतं मला. तरी किल्ली द्यायला तुमच्या केबिनपर्यंत आलो. तुम्ही म्हणालात, "या, आमचे कलाकार!" मी पुन्हा तोंड चघळून दाखवलं आणि मागे फिरलो.

किल्ली खिशातच आहे. उद्या माझी सकाळची पहिली शिफ्ट. कुसुमताईंचीही.

तुमचा कलाकार,
ज्योतीराम