चार खटके

११ फेब्रुवारी १९९७, मंगळवार

थोराने चार हजार डॉलर सांगितले. घासाघिशीला जागाच ठेवली नाही – "मायलो जाण्याआधी हाच आकडा सांगून गेलाय. मी त्यात वर-खाली करणार नाही."

मायलो ब्रेकी, तिचा नवरा आणि माझा जुना मित्र, नोव्हेंबरात गेला. त्याचे कोल्ट रिव्हॉल्व्हर मी दर थँक्सगिव्हिंगला जेवणानंतर हातात घेत आलो; पण ते गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहण्याची वेळ आज प्रथमच आली.  

पाहिले ते असे. निळा मुलामा जवळजवळ गेलेला. नळी तपकिरी, जुन्या पैशासारखी. लाकडी मूठ उजव्या बाजूने झिजून गुळगुळीत. नवख्याला हे भंगार वाटेल. जाणत्याला हेच हवे असते – झीज खरी असावी, वर नवा मुलामा चढवलेला नसावा. तिन्ही ठिकाणचे क्रमांक जुळतात. स्क्रूच्या खाचा धारदार आहेत. मायलो नेहमी म्हणे, "राउंडअप गावच्या म्हाताऱ्याकडून घेतलं तेव्हापासून याच्या पोटात कुणाचा स्क्रूड्रायव्हर गेला नाही. त्याच्याही हातून नाही, माझ्याही नाही." सारी किंमत त्या एका वाक्यावर उभी आहे. आतले सगळे मूळचे असेल तर चार हजार योग्य. कुणी उघडून आत काही बदलले असेल तर अडीचच्या वर एक डॉलर नाही.

मागचा घोडा ओढून त्याचे खटके ऐकायचे राहिले. परवानगी विचारली तेव्हा थोराचा चेहरा उतरला – मायलोनंतर कुणी तो ओढलेला नाही. म्हणाली, "आज नको. रविवारी ये." आग्रह धरला नाही. धरायला हवा होता, असे आता वाटते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झोप नीट लागली नाही. माझी बायको कॉरिन न्याहरीला म्हणाली, "चार हजारांत आपलं बाथरूम नवं होतं. आणि ते रोज वापरता येतं."

मी कॉफी संपवून कामाला निघालो. 

१५ फेब्रुवारी, शनिवार

जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये बंदुकांचे प्रदर्शन. सबंध जिल्हा लोटला होता. क्राउसने – हा लुईसटाउनातला जुन्या हत्यारांचा व्यापारी – मला दुरूनच हेरले.

"या, हिशेबनीस! मिझूलाच्या कॉलेजात चार वर्षं कॉमर्स शिकलात ते ब्रेकीच्या कोल्टचा भाव काढायला?"

बातमी त्याच्यापर्यंत पोचली कशी, कोण जाणे. मी म्हटले, अजून ठरलेले नाही.

"ठरव लवकर. सोमवारी मी जाणार आहे थोराकडे. खटके मोजलेस?"

नाही, म्हणालो.

तो टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकला. "घोडा हळू ओढायचा. चार खटके. चार म्हणजे चार. तिसरा नाजूक असतो – आतली खीळ गोळ्यांच्या चक्राला धरते तो. तीनच आले, तर समजायचं कुणीतरी आत हात घातलाय. मग मायलोनं बायबलवर हात ठेवून सांगितलेलं असू दे."

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. इथे ते पोरासोरांना ठाऊक असते.  हातातले कुठलेसे रिव्हॉल्व्हर मी खाली ठेवले, त्या क्षणी मागच्या माणसाने ते उचलून भाव विचारला. रीतच आहे – हातात आहे तोवर दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही, ठेवले की तुमचा हक्क संपला. थोराने रविवारपर्यंत ते माझ्या हातात ठेवले आहे. त्यानंतर क्राउस.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून परस्पर थोराकडे गेलो. तिने कॉफी ओतली, लेफ्सा – बटाट्याची पातळ नॉर्वेजियन पोळी – लोण्या-साखरेबरोबर वाढला. मी दोन घास खाल्ले. मग तिने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून स्वतःच म्हटले, "ओढ आता. एकदाचं होऊन जाऊ दे."

चक्र तपासले, रिकामे. घोडा ओढला – सावकाश, अंगठ्याने. एक. दोन. तीन. घोडा पुरता मागे येऊन थांबला.

पुन्हा ओढला. तीन. खिडकीकडे तोंड करून, श्वास रोखून ओढला. तीन.

चक्र घट्ट बसते, हलत नाही. म्हणजे खीळ काम करते आहे. मग खटका का नाही? नवी स्प्रिंग. किंवा नवी खीळ. दुसरा अर्थ मला लावता आला नाही.

थोरा माझ्या बोटांकडे नव्हे, तोंडाकडे पाहत होती. "काय झालं?"

मी शक्य तितक्या नेमक्या शब्दांत सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "म्हणजे मायलो खोटं बोलला?"

"तसं मी म्हणत नाही, थोरा. तुम्ही असा अर्थ काढू नका. जे ऐकलं तेवढंच सांगतोय."

"मी हे खटके कधी मोजले नाहीत. मोजायचे असतात हेच ठाऊक नव्हतं. तू मोजलेस ना?"

"मोजले."

"मग झालं. तुझा आकडा कधी चुकत नाही, हे मायलोच सांगायचा." कपबशा उचलता उचलता ती म्हणाली, "तू सांग काय द्यायचं ते."

दोन हजार चारशे म्हणालो. तिने मान हलवली. घासाघीस आताही केली नाही, आणि मला ते सगळ्यात जड गेले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच तिला चेक पोचवून रिव्हॉल्व्हर घरी आणले. टपालकचेरीच्या दारात क्राउस भेटला; त्याला खटक्यांचे सांगितले. "तीन? खरंच तीन? मायलोच्या बंदुकीचे?" त्याने शीळ घातली. "तरी स्वस्तात मारलंस, लेका."

स्वस्तात मारले, हा शब्द दिवसभर चिकटून राहिला. रास्त भाव दिला आहे. रास्तच दिला आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी थोराचा फोन. इकडचे तिकडचे काही नाही. एकदम म्हणाली, "एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मायलो तिकडे वायोमिंगात गिलेटला अडकला होता. बर्फानं रस्ता बंद आहे, असं फोनवर सांगत राहिला. तू तेव्हा त्याला ओळखत होतास. रस्ता खरंच बंद होता का रे?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

आणि हे खरे आहे. मला माहीत नाही. मायलोविषयी खात्री नसलेले एकही वाक्य मी तिला सांगू इच्छीत नव्हतो, आणि तो रस्ता मी पाहिलेला नव्हता. पण फोनवर इतकी शांतता पसरली, की माझ्या 'माहीत नाही'चा तिने काय अर्थ घेतला ते मला समजले.

"बरं," ती म्हणाली. मग आणखी काहीतरी बोलली आणि फोन ठेवला.

कॉरिनने विचारले, "काय म्हणत होती?" सांगितले. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "एका स्प्रिंगपायी त्या बाईचा सगळा संसार उसवला जातोय. तू जाऊन तिला सांग की मायलो तसला नव्हता."

"पण स्प्रिंग बदललेली आहे, कॉरिन."

"स्प्रिंग बदलली म्हणून माणूस बदलतो का?"

याला उत्तर आहे. मायलोने न उघडल्याची हमी देऊन भाव सांगितला होता. हमी खोटी ठरली, म्हणजे हमी देणाराही. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर तिने हातातले भांडे खाली ठेवून माझ्याकडे वळून पाहिले असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर कामात लक्ष नव्हते. कोणतीही बेरीज दुसऱ्या माणसाकडून पडताळून घेतल्याखेरीज मी तिच्याखाली सही करत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा नियम. या बेरजेखाली मात्र केली.

मोजणारा मी एकटाच होतो. थोरा मोजत नव्हती. क्राउसने ते खटके ऐकलेलेच नाहीत. कुणाला तरी ऐकवायला हवे – माझे बरोबर होते एवढे तरी सिद्ध होईल, आणि मग थोराला काय सांगायचे ते सांगता येईल. क्राउसला नको. तो गावभर करील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कॉरिनला टेबलाशी बसवले. डोळे मीट आणि मोज, म्हटले. घोडा ओढला.

"चार."

परत ओढला. चार. मला तीन.

मग माझे स्वतःचे कोल्ट काढले; कित्येक वर्षांपूर्वी ते विकत घेताना मी त्याचे चार खटके मोजले होते. ओढले. तीन. कॉरिन डोळे न उघडता म्हणाली, "चार." मग तिने डोळे उघडले आणि माझ्या हातांकडे नाही, माझ्या कानांकडे पाहिले.

थोराकडे निघालो आहे. राहिलेले सोळाशे बरोबर घेतले आहेत. फोनवर सांगण्याची ही गोष्ट नव्हे – आणि बुधवारी फोन ठेवण्याआधी ती शेवटी काय म्हणाली, तेही मला ऐकू आलेले नाही.