फ्रेंच कोंबडा आणि जांभळाची बरणी

५ जुलै, शनिवार
ठरलं. पुंजाराम अण्णांना जेवायला बोलवायचं.

नेवाशाच्या व्यसनमुक्ती व्याख्यानमालेचे अण्णा अध्यक्ष. १५ ऑगस्टचं उद्घाटनाचं भाषण कोणाला द्यायचं, ते तेच ठरवतात. गेल्या वर्षी मला डावललं. दारूविरुद्ध या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही. ‘दारुडा रोज उद्यापासून सोडतो. विचारलं की म्हणतो, मी कधीही सोडू शकतो.’ या वाक्याला श्रीगोंद्यात साखर कारखान्याचे कामगार उभे राहिले होते. अण्णा स्वतः तिथं होते. तरी समितीत म्हणाले, सर लई लांबवतात.

अण्णांना कोंबडी प्रिय. साधा रस्सा कोणीही वाढेल. फ्रेंच राज्यक्रांती कोळून प्यालेला इतिहासाचा निवृत्त शिक्षक फ्रेंच कोंबडाच वाढणार. आखाड संपायच्या आत, स्वतःच्या हातानं. सुकन्याला सांगितलं. ती म्हणाली, “गॅस पेटवता येतो का?” तीस वर्षं संसार करूनही बायको नवऱ्याला ओळखत नाही.

६ जुलै, रविवार
एकादशी. साबुदाण्याची खिचडी. पोट जड.

पुण्याहून संस्कृतीनं रेसिपी पाठवली. मुलगी आयटीत आहे, तिनं हा पदार्थ कुठल्याशा हॉटेलात खाल्लाय. नाव कोक-ओ-व्हँ. वाचत गेलो आणि थबकलो. एक अख्खी बाटली रेड वाइन. कोंबडा रात्रभर त्यात बुडवायचा. संस्कृती म्हणाली, बाबा, शिजताना सगळी उडून जाते. मी म्हणालो, वाइन उडेल, तत्त्व उडत नाही. (वाक्य भाषणात घेणे.)

८ जुलै, मंगळवार
मार्ग सापडला. केडगावात, पुणे रस्त्यावरच्या हातगाडीवर. जांभळं. रंग तोच, तुरटपणा तोच, आणि पाप नाही.

पाटीभर जांभळं घरी आणून कुस्करली. श्रीगोंद्याचा गूळ घातला. चिनी मातीच्या बरणीत भरून तोंडाला फडकं बांधलं. फ्रेंच लोक तळघरात ठेवतात. आपल्याकडे तळघर नाही, म्हणून गॅसशेजारी उबेला ठेवली. सुकन्या म्हणाली, “लोणच्याची बरणी कोणाला विचारून घेतली?” इतिहास घडत असताना असे प्रश्न येतातच. अण्णांना रविवारचं आमंत्रण दिलं.

११ जुलै, शुक्रवार
बरणीत फेस. काढून टाकला. एक चमचा चव घेतली. गोडी कमी झाल्यासारखी वाटली. गूळ वाढवला.

१२ जुलै, शनिवार
अण्णांचा फोन. “रविवार खंडोबाचा, सर. आमी खात न्हाई.” सोमवार आमच्याकडे महादेवाचा. मंगळवार दोन्हीकडे देवीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवारी सुकन्याचा उपास. शनिवारी अण्णा शिंगणापूरला. राहिला बुधवार. सोळा तारीख पक्की.

१५ जुलै, मंगळवार
फडकं फुगलंय. बरणीला कान लावला तर आत चुरचुर. जिवंत रस.

अर्धी वाटी घेतली. घसा एकदम मोकळा. जांभूळ वाणीला इतकं गुणकारी आहे हे वैद्य लोक लपवून का ठेवतात? गच्चीवर भाषणाचा सराव केला. शेजारच्या केशरबाई धुणं वाळत घालायचं विसरून ऐकत होत्या. नंतर त्यांनी सुकन्याला विचारलं म्हणे, सरांना बरं नाही का. असामान्य वक्तृत्व पचायला वेळ लागतो.

१६ जुलै, बुधवार
अण्णांच्या भावकीत सुतक. आता थेट तेवीस तारीख. आखाडातला शेवटचा बुधवार. नंतर अमावास्या, मग श्रावण. श्रावणात कोंबडी नाही आणि पंधरा ऑगस्टही श्रावणातच. तेवीसला चुकलं तर भाषण गेलं.

चैन पडेना. एक वाटी.

१८ जुलै, शुक्रवार
सकाळी एक, संध्याकाळी एक. चवीवर लक्ष ठेवणं भाग आहे. दिवसभर हॉल ते गच्ची, गच्ची ते हॉल. डोक्यात मुद्द्यांची गर्दी. एकही कागदावर उतरेना.

सुकन्या म्हणाली, “अहो, माझ्या मावशीच्या गावात असल्या बरण्या फोडायला पोलीस यायचे.” तिला समजावलं. गूळ सात्त्विक, फळ सात्त्विक. दोन सात्त्विक गोष्टींतून तामसी कसं निघेल? तिनं फडकं उचलून वास घेतला आणि मोरीकडे पाहिलं.

उद्यापासून एकच वाटी.

१९ जुलै, शनिवार
तीन.

२० जुलै, रविवार
सुकन्या बरणी मोरीत ओतायला निघाली होती. वेळेवर पोचलो. बरणी अभ्यासाच्या खोलीत हलवली, राज्यक्रांतीच्या जाड खंडांमागे. लपवली असं नव्हे. सुरक्षित ठेवली.

२१ जुलै, सोमवार
पुन्हा एकादशी. जांभूळ फळच आहे, उपासाला चालतं. रिकाम्या पोटी गुण लवकर दिसतो.

दुपारी अण्णांना फोन लावून अख्खं भाषण ऐकवलं. मन लावून ऐकलं त्यांनी. मध्ये हूं की चूं नाही. संध्याकाळी सुकन्या म्हणाली, तुमचा मोबाईल सकाळपासून बंद पडलाय, चार्जिंग नाही.

हरकत नाही. सराव झाला.

२२ जुलै, मंगळवार
कोंबडा आज रात्रीच रसात घालायला हवा. पण मंगळवारी सुकन्या कोंबडीला उंबरा ओलांडू देत नाही. फ्रेंचांना मंगळवार नसतो, म्हणून ते पुढे गेले.

बरणी उचलून पाहिली. फारच हलकी. उन्हाळ्यानं रस आटला असावा. उन्हाळा संपलाय, पण तरी.

२३ जुलै, बुधवार
सकाळी बन्सीच्या दुकानातून गावरान कोंबडा आणला. बन्सी म्हणाला, जून हाय, कुकरला लावा. फ्रेंच रेसिपीत जूनच सांगितलाय. हे बन्सीला काय माहीत.

दुपारी: दोन ग्लास बरणीत मागे ठेवले. बाकीचा रस कोंबड्याच्या गुडघ्यापर्यंतच आला. पाणी घातलं. मशरूम, छोटे कांदे, तमालपत्र. वर आपला काळा मसाला, भरपूर. फ्रान्स आणि नगर एका पातेल्यात. सुकन्या हॉलमध्ये पेपर वाचत बसलीय. म्हणाली, मी पिठलं करून ठेवलंय. कशाला, ते सांगितलं नाही.

पाच वाजता: रस्सा जांभळा. कोंबडा निळा. सुरी आत जात नाही. मसाला आणखी घातला. मन शांत करायला थोडं बरणीतलं.

२४ जुलै, गुरुवार
अमावास्या. डोकं जड. हवा कुंद आहे.

काल अण्णा आले. शेवटचा रस सरबत म्हणून ग्लासात दिला. अण्णांनी ग्लास नाकापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “सर, ह्ये कुठनं आनलं?” मी अभिमानानं सांगितलं, घरीच करतो. “किती दिस झालं?” म्हटलं, पंधरवडा होईल, आता सवय झालीय. अण्णांनी सुकन्याकडे पाहिलं. सुकन्यानं मान खाली घातली. कौतुक ऐकताना ती नेहमी अशीच लाजते.

कोंबड्याला अण्णांनी हात लावला नाही. पिठलं-भाकरी मागून घेतली. मग मी बोललो. किती वेळ, ते आठवत नाही. सुकन्या म्हणते, खुर्चीवर उभं राहून, हातात ग्लास धरून, दारूबंदीवर. अण्णांचा ग्लास.

पण एक गोष्ट विसरता येणार नाही. अण्णा पहिल्यांदाच माझं भाषण संपेपर्यंत थांबले. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. काम झालं.

२७ जुलै, रविवार
श्रावण. बरणी उन्हात वाळतेय. सुकन्यानं तीनदा घासली.

सकाळपासून दोनदा बरणीत नाक घालून आलो. नीट घासली का, ते पाहायला.

अकरा वाजता अण्णांचा फोन आला. “पंधरा आगस्टला या, सर. वैनींना बी आना.” मी विषय विचारला. म्हणाले, “बोलायचं न्हाई. बसायचं. म्होरच्या रांगेत. जे सोडायला येत्यात त्यांची रांग असती ती. तुमची खुर्ची म्या धरून ठेवलीय, माझ्या शेजारची. म्या बी तितंच बसलो हुतो एके काळी.”

मी शांतपणे गैरसमज दूर केला. ते जांभूळ होतं. प्रयोग होता. आणि तसंच काही असलं तरी मला रांगेची गरज नाही, मी कधीही सोडू शकतो.

मोबाईल बंद पडला की काय, म्हणून पाहिलं. चालू होता.

“व्हय सर,” अण्णा म्हणाले. “ह्या वाक्याला श्रीगोंद्यात म्या बी उभा राहिलो हुतो.”